उगी कोण मारून घेतंय?

आमच्या इमारतीचा जिना चढताना ती मधेच थांबायची, हातातली पिशवी पायरीवर ठेवायची आणि भिंतीला तळहात टेकवून उभी राहायची. डोळे मिटून, मान किंचित तिरकी करून, ताप आलेल्या लेकराच्या कपाळावर हात ठेवावा तशी. मिनिटभराने पिशवी उचलून वर जायची. कोणी बघतंय का याची तिला फिकीर नसे. आणि आम्ही तर बघतच असायचो. जुळे सोलापुरातल्या आठ फ्लॅटच्या इमारतीत कोण काय करतं हे सगळ्यांना माहीत असतं. का करतं, ते कोणी विचारत नाही. "बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय," असं आमच्यात ठरून गेलं होतं. ठरवणाऱ्यांत मीही होते.

सगळे तिला आरूची आई म्हणायचे. मीही तेच म्हणत आले आणि इथेही तेच म्हणणार आहे. ती मला 'बाई' म्हणायची, कारण मी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली. शिवाय सोसायटीची सचिव. दुसरं कोणी ते काम घेत नव्हतं म्हणून माझ्या गळ्यात पडलेलं.

ते तिघं पहिल्या मजल्यावर भाड्याने राहायला आले. नवरा औषध कंपनीत, कायम फिरतीवर. तिचं माहेर माळशिरसकडचं, उसाच्या पट्ट्यातलं, आणि बोलणं अगदी तिकडचं. शहरात येऊन तिने ते बदललं नव्हतं. आरू तेव्हा सात वर्षांची होती. कुरळे केस, मोठे डोळे, आणि तोंडातून एक शब्द नाही.

दुसऱ्याच दिवशी दुपारी आवाज आला. धप्. धप्. धप्. मला वाटलं, वर कोणी मसाला कुटतंय. आठवड्याभरात इमारतीत बातमी झाली, की पहिल्या मजल्यावरची बाई पोरीला आपटते. सचिव म्हणून मला वर पाठवण्यात आलं. मीही चष्मा सारखा करून, शाळेत पालकांना बोलावून घ्यायचे त्या तोऱ्यात गेले.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत आरू भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि कपाळ आपटत होती. आई तिच्या शेजारी गुडघ्यांवर बसली होती. कपाळ आणि भिंत यांच्यामध्ये तिने आपला हात धरला होता. प्रत्येक धपक्याला तो हात भिंतीवर चिरडला जात होता. हाताची पाठ जांभळी-काळी पडलेली.

मी काय बोलायला आले होते ते विसरले.

"मारत कोण न्हाय, बाई," ती मागे न बघता म्हणाली. "ती सोताच मारून घेती. म्या मधी हात घालती. भित्तीपरीस हात मऊ हाय न्हवं."

"पण का करते ती असं?"

"त्येच तर हुडकतीया." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "उगी कोण मारून घेतंय व्हय, बाई? तुमी घेताल का?"

हे तिचं वाक्य पुढे मी किती वेळा ऐकलं, मोजदाद नाही. डॉक्टरांना, नवऱ्याला, सासूला, रिक्षावाल्याला, सगळ्यांना ती हाच प्रश्न विचारायची. उत्तर कोणाकडेच नसायचं, आणि तिला राग यायचा तो त्यांना उत्तर हवंसंही वाटत नव्हतं याचा.

तुम्हीही दवाखान्यात अशी आई पाहिली असेल. पोर किंचाळतंय, आई त्याचे हात धरून बसलीय, आणि बाकावरचे सगळे तिच्याकडे असे बघतायत, जणू पोराचं दुखणं तिनेच घरी तयार केलंय. आरू पाच वर्षांची असताना स्वतःच्या उजव्या कानावर थपडा मारायला लागली होती. आई तिला घेऊन एका मोठ्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी फाइल बघितली, आरूकडे बघितलं नाही. म्हणाले, "ऑटिझम आहे ना? ही मुलं असं करतात." शांत राहायचं औषध दिलं. ही सांगत होती, "सायब, उजव्याच कानावर मारती, डाव्या न्हाय." ते म्हणाले, "पुढचा पेशंट."

पाच महिने गेले. पोर दिवसभर पेंगायची आणि पेंगता पेंगता कानावर मारायची. शेवटी दुसऱ्या एका दवाखान्यात, शिकाऊ म्हणून काम करणारी एक पोरसवदा डॉक्टरीण खाली वाकली आणि बॅटरी घेऊन तिने कानात बघितलं. कान पुवाने भरलेला होता. आठ-दहा दिवसांच्या औषधाने पू गेला आणि थपडाही गेल्या.

"पाच म्हयने, बाई," ती मला सांगत होती. भाकरी थापता थापता तिचा हात परातीवर जोरात पडायला लागला. "माज्या पोरीचा कान सडत हुता आन ह्ये म्हणत्यात, ही मुलं असं करत्यात. ही मुलं मंजी कोण? माजी येकच हाय. तिला काय झालंय त्ये बगा की!"

मला माझा वर्ग आठवला. माझ्या नोकरीत एक मुलगा होता, मनगट चावायचा. बोलायचा नाही. घंटा झाली की कान झाकून चावायला लागायचा. मी त्याला वर्गाबाहेर उभं करायचे, घंटेच्या अगदी खाली. खोड मोडावी म्हणून. वर्षभराने त्याच्या बापाने त्याचं नाव काढून नेलं, आणि मी हजेरीपटावर रेघ मारून मोकळी झाले. ही गोष्ट मी तिला कधीच सांगितली नाही. तुम्हाला सांगतेय.

तिचं हुडकणं मात्र कोणत्याही शिकलेल्या माणसाने मान खाली घालावी असं होतं. स्वयंपाकघरात दिनदर्शिका टांगलेली होती आणि तिच्यावर तिने आपल्या टिकल्या चिकटवल्या होत्या. आपटण्याच्या दिवशी लाल, बऱ्या दिवशी हिरवी. लाल टिकलीशेजारी पेन्सिलने एखादा शब्द: 'शी झाली न्हाय', 'रात्री झोप न्हाय', 'पावनं आलं', 'लाईट गेली'. त्या पेन्सिलच्या शब्दांवरून तिने एकेक गोष्ट सोडवत आणली होती. पोट साफ राहील असं खाणं सुरू केलं, लाल टिकल्या कमी झाल्या. झोपायची वेळ ठरवली, आणखी कमी झाल्या. उद्या काय होणार हे आदल्या दिवशी चित्रं काढून दाखवायला लागली, तसे पाहुणे आले तरी आरू सोसायची.

एकदा तिने नवऱ्याला माझ्यासमोरच धरलं. बिचारा चांगला माणूस होता, फिरतीहून थकून यायचा, पोरगी कपाळ आपटायला लागली की काळजाचं पाणी होऊन लगेच हातात मोबाइल द्यायचा.

"आवं, तुमीच शिकिवताय तिला," ही म्हणाली. "डोस्कं आपटलं की मोबाइल मिळतो, आसं."

"मग काय रक्त येईपर्यंत बघत बसू?"

"आपटायच्या आदी द्या की. आता बगा, तिनं तुमच्या हाताला हात लावला का न्हाय? त्ये मागणंच हाय तिचं. तवा द्या."

तो आरूजवळ बसून राहिला. थोड्या वेळाने तिने खरंच त्याच्या मनगटाला बोट लावलं. त्याने मोबाइल दिला आणि माझ्याकडे बघून तो असा हसला, की जणू पोरगी बोर्डात पहिली आली.

आठवड्यातून दोनदा ती आरूला रिक्षाने एका शिक्षिकेकडे न्यायची. त्या शिक्षिकेने चित्रांची कार्डं करून दिली होती, आरूच्या गळ्यात अडकवलेली. पाण्याचा पेला, संडास, झोका, आणि लाल फुलीचं एक कार्ड, त्याचा अर्थ 'पुरे'. ते 'पुरे'चं कार्ड वापरायला शिकायला तिला चार महिने लागले. एकदा जिन्यात आमचे अध्यक्ष आरूच्या आईला मुलांना वळण कसं लावावं यावर भाषण देत होते. आवाज खणखणीत, सरकारी नोकरीतला. आरूने शांतपणे लाल फुलीचं कार्ड काढून त्यांच्यासमोर धरलं. अध्यक्ष म्हणाले, "वा वा, छान चित्र!" आणि बोलतच राहिले. तिने कार्ड आणखी वर धरलं. ते बोलतच राहिले. मग तिने कठड्यावर डोकं आपटलं.

"बघा, हे असं!" अध्यक्ष म्हणाले.

आरूच्या आईने कठडा आणि कपाळ यांच्यामध्ये हात घातला. मग त्यांच्याकडे तिने ज्या नजरेने पाहिलं, ती माझ्या वाट्याला येऊ नये असं मला वाटलं. यायची होतीच.

एवढं सगळं करूनही दर चार-पाच दिवसांनी एक लाल टिकली उरत होती. शेजारी पेन्सिलचा शब्द नाही. तिला कारण सापडत नव्हतं. जिन्यात, पॅसेजमध्ये, मुलीच्या खोलीत ती भिंतीला हात लावून उभी राहायची ती याच दिवसांत. एका सकाळी ती खाली माझ्याकडे आली. दिनदर्शिका काखेत.

"बाई, पाणी कवा कवा आलं, लिवलंय का तुमच्याकडं?"

आमच्याकडे पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी मोटर लावून वरच्या टाक्या भरायच्या, आणि कोणाची पाळी कधी होती याची मी वही ठेवत असे. वही उघडली. तिने तारखा वाचायला सांगितल्या. मी एकेक वाचत गेले आणि ती एकेका लाल टिकलीवर बोट ठेवत गेली. एकही चुकली नाही.

"मला वाटलंच हुतं," ती हळूच म्हणाली. "भित्त थरथरतीया."

ती मला वर घेऊन गेली. अध्यक्षांना मोटर लावायला सांगितलं आणि माझा हात आरूच्या खोलीतल्या भिंतीवर ठेवला. मोटरची खोली बरोबर खाली. आधी मला काहीच कळलं नाही. मग हाताला मुंग्या आल्यासारखं झालं, कोपरापर्यंत. मला दोन मिनिटं सोसवेना. आरूला ते दोन-दोन तास सोसावं लागत होतं, आणि कानाने, दाताने, कशाकशाने ते जाणवत असेल कोण जाणे.

तिने सोसायटीच्या बैठकीत दोनच गोष्टी मागितल्या. मोटरखाली रबर घाला नाहीतर मोटर कुंपणाकडे हलवा. आणि तोवर मोटर लावण्याआधी मला एक हाक मारा, मी पोरीला घेऊन मैदानावर जाते.

अध्यक्ष म्हणाले, "एका मुलीसाठी सात घरांनी आपली व्यवस्था बदलायची का? आज मोटर, उद्या म्हणाल कुकरची शिट्टी बंद करा."

कोणीतरी म्हणालं, अशा मुलांसाठी वसतिगृहं असतात. आणि अध्यक्षांनीच पुन्हा, अगदी समजुतीच्या सुरात सुचवलं, "तेवढ्या वेळेपुरते हात बांधून ठेवत जा, तिच्याच भल्यासाठी."

ती उभी राहिली. "सायब, तुमचं डोस्कं दुकलं तर तुमचं हात बांदू का?"

गलका झाला. बाई उद्धट आहे, असं ठरलं. दोन दिवसांनी एक नोटीस निघाली: 'आपल्या सदनिकेतून होणाऱ्या आवाजामुळे रहिवाशांना त्रास होत असून, सुधारणा न झाल्यास सदनिका रिकामी करण्याबाबत मालकांना कळवण्यात येईल.' मजकूर अध्यक्षांचा. खाली सही सचिवांची. माझी. हाताला मुंग्या येऊन गेल्यानंतरची.

का केली, असं मला विचारू नका. मी स्वतःला खूप विचारलंय. सगळे म्हणत होते, कागदच तर आहे, आणि मला भांडण नको होतं. माणसं ज्या गोष्टींना भ्यायला हवीत त्यांना भीत नाहीत, अध्यक्षांना भितात.

पाण्याच्या ठरलेल्या दिवशी ती आपली आपणच पोरीला घेऊन मैदानावर जायची. महिन्याभरात एके दुपारी पाणी एक दिवस आधीच आलं. अध्यक्षांनी तिला हाक न मारताच मोटर लावली आणि ते झोपायला गेले. मी गहू निवडत बसले होते. वरून आवाज सुरू झाला. मग एक वेगळाच आवाज आला, ओला. आणि आपटणं थांबलं.

ती जिन्यावरून उतरली तेव्हा आरू तिच्या कडेवर होती. आठ वर्षांची पोर, पाय आईच्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होते. भुवईवर टॉवेल दाबलेला, टॉवेल लाल. ती फाटकाकडे गेली नाही. आधी मोटरच्या खोलीत गेली आणि तिने बटण बंद केलं. मग माझ्या दारात आली.

"बाई, रिक्षा बोलवा. म्या न्हाणीत गेल्ते. दोन मिनटं."

दवाखान्यात टाके घालताना डॉक्टरांनी चौघांना पोरीला दाबून धरायला सांगितलं. ती म्हणाली, "धरू नका, ती आणखी भेल. त्यो वरचा दिवा तेवडा बाजूला करा, आन सुई टोचायच्या आदी सांगा मला." तिने आरूला मांडीवर घेतलं, कानाशी तोंड नेलं आणि एक ते दहा मोजत राहिली. दहा झाले की पुन्हा एक. आरूचं अंग ताठ झालं, पण ती हलली नाही. सहा टाके.

हात धुताना डॉक्टर म्हणाले, "घरी लक्ष ठेवत नाही का तुम्ही?"

त्या बाईला. जिच्या हाताची पाठ दीड वर्षं निळी राहिली, तिला. ती पोरीचे केस पुसत होती. माझ्या तोंडून मात्र इतका मोठा आवाज निघाला की बाहेरची माणसं डोकावली.

"ती लक्ष ठेवते, डॉक्टर! ती सोडून कोणी ठेवत नाही. तिने कारण शोधून आमच्या हातात दिलं होतं. आम्ही तिला नोटीस दिली."

डॉक्टरांनी रुमालाला हात पुसले. मला वाटतं, त्यांना कळलंच नाही मी कशाबद्दल बोलतेय.

दुसऱ्या दिवशी कोणालाही न विचारता मी मोटरवाल्याला बोलावलं. त्याने खाली बसून बघितलं आणि हसला. "बाई, चार नट ढिले हायत, आन खाली रबरच न्हाय. आख्खी भिंत हलत असंल की." दीड तासात काम झालं. दीड तास! मी तिथे स्टुलावर बसून त्याचा पाना फिरताना बघत होते, आणि दीड वर्षं आम्ही काय काय बोललो ते मला शब्दन् शब्द आठवत होतं.

त्यानंतरच्या पाण्याच्या दिवशी ती दिनदर्शिका घेऊन खाली आली आणि तिने माझ्याच हाताने हिरवी टिकली लावून घेतली. सगळं थांबलं असं नाही. मिरवणुकीच्या दिवसांत रस्त्यावर आवाजाच्या भिंती लागल्या, की आरू पुन्हा भिंतीकडे जायची. सर्दी झाली की जायची. पण आठवडेच्या आठवडे हिरवे जायला लागले होते.

आणि मग फ्लॅटच्या मालकाचा पुण्याहून फोन आला, की जागा सोडा. नोटीस त्याच्यापर्यंत पोचली होती. कोणी पाठवली ते मी शोधलं नाही. सही कोणाची होती ते मला माहीत होतं. मी फोन करून त्याला सगळं समजावलं, आता आवाज होत नाही म्हटलं. तो म्हणाला, "मॅडम, तुमचंच पत्र आहे ना?"

नवीन जागा मिळेना. पोरीबद्दल ऐकलं की आधी हो म्हटलेले लोकही नाही म्हणायचे. शेवटी ती आरूला घेऊन माहेरी निघाली. तिकडे मोकळी हवा होती, मोटर लांब विहिरीवर होती, पण ती कार्डंवाली शिक्षिका नव्हती. चार महिन्यांत कमावलेलं एक 'पुरे', त्याच्या पुढे आता कोण शिकवणार होतं?

टेम्पो भरून झाल्यावर मी खाली गेले. माफी मागायचे शब्द मनात जुळवत होते. तीच म्हणाली, "बाई, त्या कागदावरली सई तुमचीच हाय न्हवं?"

"हो."

"लई सुबक हाय," ती म्हणाली, आणि टेम्पोत चढली.

आता पहिल्या मजल्यावर एक शांत जोडपं राहतं. वार्षिक बैठकीत अध्यक्षांनी इमारतीतल्या शांततेबद्दल समाधान व्यक्त केलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी त्याच बैठकीत सचिवपद सोडलं. कोणी कारण विचारलं नाही.

सात महिन्यांनी तिचा फोन आला. मी नाव बघून घाबरले. तिकडून ती हसत होती की रडत होती ते आधी कळेना.

"बाई, आरूचा दात दुकला!"

"अगं, मग हसतेस काय?"

"तिनं सांगितलं! मारून न्हाय घेतलं. माजं बोट धरलं, तोंडात नेलं आन दाढंवर ठिवलं. बाई, नऊ वर्सांत पयल्यांदा. म्या तितंच खाली बसली."

मग तिने तालुक्याच्या दातांच्या डॉक्टरकडे काय झालं ते सांगितलं. तो म्हणाला, ही मुलं खुर्चीत बसत नाहीत, मोठ्या शहरात न्या. तिने पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "खुर्चीत बसायला कोण सांगतंय? ती भुईवर बसल. तुमी बी बसा." तरुण पोरगा होता. त्याने पंखा बंद करायला सांगितला आणि इस्त्रीच्या पँटवर खाली फरशीवर मांडी घालून बसला, आरूच्या समोर. हातात बॅटरी. नुसता बसला. आरूने त्याच्याकडे बघितलं, बॅटरीकडे बघितलं.

"आन मग, बाई," ती म्हणाली, "आपलं आपुनच तोंड उगाडलं."